हम्पटा पास ओलांडायचा दिवस: बालू का घेरा ते शिया गोरू

सह्याद्रीत मुरलेला माणूस हिमाचलमध्ये कुल्लू आणि लाहौल यांच्यामधल्या हम्पटा पास या खिंडीला जातो तेव्हा त्याच्या पायांबद्दल शंका घ्यायचं कारण नसतं. राजगड-तोरणा एका दमात झालेलं असतं, भर पावसात नाणेघाट झालेला असतो, घसाऱ्यावरून उतरायची सवय असते. अडचण तिथूनच सुरू होते. पाय तयार असतात म्हणून ते आपला नेहमीचा वेग धरतात आणि फुप्फुसं, रक्त, डोकं सगळं मागे राहतं. रोज पर्वती चढून स्नायू आणि दम कमावता येतो. विरळ हवेची सवय मात्र पुण्या-मुंबईत बसून लागत नाही, त्यासाठी वर जाऊन रात्री काढाव्या लागतात. उंचीचा त्रास कोणाला होईल हे फिटनेसवरून सांगता येत नाही. उलट ग्रुपमधला सगळ्यात तगडा गडीच अनेकदा आधी आडवा होतो, कारण तो पहिले दोन दिवस सगळ्यांच्या पुढे पळत असतो.

कळसूबाईचा माथा १,६४६ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ८२ टक्के असतो. हम्पटा पास सुमारे ४,२७० मीटरवर आहे आणि तिथे तो जवळपास ६० टक्क्यांवर येतो. हवेतलं प्राणवायूचं प्रमाण तेच, २१ टक्के. पण दाबच कमी असल्यामुळे प्रत्येक श्वासात हाती येतो तो कमीच. त्यामुळे खाली जे काही सांगतोय त्यातली बहुतेक गोष्ट दोनच मुद्द्यांभोवती फिरते: चाल हळू ठेवा आणि निघायची वेळ चुकवू नका.

हा दिवस ट्रेकमध्ये कुठे बसतो

मनालीहून गाडीनं प्रिणीमार्गे जोब्राला जायचं, तिथून थोडं चालून चिकाला पहिला मुक्काम, उंची साधारण ३,१०० मीटर. दुसऱ्या दिवशी बालू का घेरा, सुमारे ३,६०० ते ३,७०० मीटर. तिसऱ्या दिवशी खिंड ओलांडून पलीकडे शिया गोरूला उतरायचं, सुमारे ३,९०० मीटर. चौथ्या दिवशी छत्रूला गाडीरस्त्यावर पोचलो की ट्रेक संपला. मनालीत किमान एक पूर्ण रात्र हवीच. दिल्लीहून रात्रभर व्होल्वोत अवघडून यायचं आणि त्याच दुपारी चिकाला चालू लागायचं, असा बेत मला अजिबात पटत नाही. एक दिवसाची रजा वाचते, पण त्याची वसुली तिसऱ्या दिवशी होते.

अंतर ऐकून हसू नका. सात-आठ किलोमीटरच आहे, पण आठ ते दहा तास धरून चाला. चढ सहाशे-सातशे मीटरचा, मग तीव्र उतार. एकदा खिंड ओलांडली की तुम्ही कुल्लूच्या हिरव्या बाजूचे राहत नाही, लाहौलच्या कोरड्या बाजूला येता. तिकडून आजारी माणसाला परत आणायचं तर पुन्हा ४,२७० मीटरपर्यंत चढावं लागेल. म्हणून पुढे जायचं की नाही हा निर्णय खिंडीत पोचल्यावर घ्यायचा नसतो. तो बालू का घेऱ्यालाच झालेला असावा.

आदली संध्याकाळ

बालू का घेऱ्याला पोचल्यावर तंबूत शिरून झोपू नका. चहा घ्या, सॅक ठेवा आणि संध्याकाळी शंभर-दीडशे मीटर वर चढून अर्धा तास बसून या. दिवसा उंच जायचं आणि रात्री खाली झोपायचं, ही जुनी रीत अजूनही उपयोगाची आहे. दुपारी झोपलं तर श्वास संथ होतो, डोकं धरतं, आणि रात्री डोळा लागत नाही तो वेगळाच.

जेवताना स्वतःकडे आणि शेजाऱ्याकडे नीट बघा. इतर वेळी दोन ताटं संपवणारा माणूस भात चिवडत बसलाय, गप्प आहे, ‘भूक नाही रे’ म्हणतोय, तर त्याची चौकशी करा. डोकेदुखी आणि भूक मरणं, ही उंचीच्या त्रासाची पहिली खूण. त्यासोबत मळमळ, चक्कर किंवा अंगातला जीव गेल्यासारखा थकवा असेल तर गाईडला त्याच वेळी सांगा. आपल्याकडे ‘उगाच सगळ्यांचा मूड कशाला घालवू’ म्हणून माणसं गप्प बसतात. इथे तो भिडस्तपणा महागात पडतो.

सॅक रात्रीच भरून ठेवा. खेचरावर जाणारी बॅग संध्याकाळपर्यंत हाती येणार नाही असं समजून पाठीवरच्या सॅकमध्ये काय हवं ते ठरवा: डाउन जॅकेट सगळ्यात वर, त्याखाली रेनजॅकेट आणि रेनपँट, कोरडे मोजे, जाड हातमोजे, गॉगल, सनस्क्रीन, हेडटॉर्च, औषधं, डबा, दोन लिटर पाणी. पाँचो पावसाळी सह्याद्रीत ठीक आहे, पण खिंडीतल्या वाऱ्यात तो फडफडतो आणि पायाखालचं दिसेनासं होतं, तेव्हा तो आणूच नका. कॅमेऱ्याची आणि मोबाईलची बॅटरी झोपताना स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. थंडीत ती बसते. मोबाईलला रेंज मिळेल असं धरून कोणताच बेत करू नका.

पायाच्या बोटांची नखं घरूनच, निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी कापून आणा. उतारावर बोटं बुटाला धडकून नख काळंनिळं होतं आणि मग पुढचा सगळा दिवस त्याच एका नखाभोवती फिरतो.

रात्र

झोप तुटक लागेल. मध्येच शेजारच्याचा श्वास काही सेकंद थांबेल आणि मग तो एकदम मोठा श्वास घेईल. स्वतःचाही थांबेल आणि दचकून जाग येईल. पहिल्यांदा हे ऐकलं की घाबरायला होतं, पण या उंचीवर ते नेहमीचं आहे. लघवीला दोन-तीनदा उठावं लागणंही तसंच, शरीर सवय करून घेतंय त्याची ती खूण. थंडीच्या धास्तीनं पाणी कमी पिऊ नका. झोपेची गोळी आणि दारू मात्र पूर्ण वर्ज्य. दोन्हींनी झोपेतला श्वास आणखी मंदावतो.

पहाट

जागे व्हायचं चारला, चालू लागायचं साडेपाच-सहाला. काही ग्रुप सात-साडेसातला निघतात. ते मला पटत नाही. डोंगरात दुपारनंतर ढग भरतात, खिंडीत वारा सुटतो, आणि जूनमध्ये उन्हानं बर्फ मऊ होऊन पाय मांडीपर्यंत रुतायला लागतात. पहाटे तोच बर्फ टणक असतो. सुरुवातीला थोडं निसरडं वाटतं, पण गाईडनं पायऱ्या पाडल्या की चालणं सोपं जातं.

सकाळी भूक नसते, तरी खा. शिरा, उपमा, पोहे, जे असेल ते थोडंसं तरी पोटात जाऊ दे. निघताना अंगावर घाम शोषून लगेच वाळणारा आतला पातळ थर आणि त्यावर फ्लीस, इतकंच ठेवा. तंबूबाहेर पहिली दहा मिनिटं थंडी वाजली पाहिजे. जॅकेट घालून निघालात तर अर्ध्या तासात घामानं ओलेचिंब व्हाल आणि पहिल्याच थांब्यावर कुडकुडाल. सुती बनियन, सुती टी-शर्ट नको. एकदा भिजलं की वाळत नाही.

निघण्याआधी सगळ्यांची एक छोटी चाचणी घ्या. जमिनीवर सरळ रेषा धरून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत दहा-बारा पावलं चालायचं. आदल्या संध्याकाळी ज्याचं डोकं दुखत होतं त्याला तर हे करायलाच लावा. तोल जात असेल तर तो माणूस वर जाणार नाही, मग तो कितीही ‘मी ओके आहे’ म्हणो.

चढ

सुरुवातीला राणी नाल्याच्या काठानं, वाळू आणि दगडगोट्यांमधून वाट जाते. हा भाग सोपा आहे, आणि दिवस इथेच बिघडतो. सकाळची ताजी हवा, सपाटी, पुढे जायची हौस. पहिल्या तासात इतकं हळू चाला की लाज वाटली पाहिजे. कसोटी साधी आहे: चालता चालता पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय म्हणजे वेग जास्त आहे. नाकानं श्वास पुरत नसेल तर तोंडानं घ्या, त्यात काही बिघडत नाही, फक्त गळ्यातला बफ (कापडी पट्टा) तोंडावर ओढा म्हणजे कोरड्या थंड हवेनं घसा धरणार नाही.

पुढे चढ उभा होतो आणि मोठे धोंडे, बर्फाचे पट्टे सुरू होतात. इथे रेस्ट स्टेप शिकून घ्या. एक पाय पुढे टाका, पण त्यावर वजन लगेच देऊ नका. मागचा गुडघा पूर्ण सरळ करा, सगळं वजन त्या सरळ पायाच्या हाडावर येऊ द्या आणि क्षणभर थांबा. त्या क्षणी मांडीचा स्नायू सैल सुटतो. मग श्वास सोडत वजन पुढच्या पायावर घ्या, तो सरळ करा, पुन्हा क्षणभर थांबा. एक पाऊल, एक श्वास. चढ आणखी तीव्र झाला तर एका पावलाला दोन श्वास. पाच मिनिटं हे फार संथ आणि बावळट वाटतं. अर्ध्या तासानं लक्षात येतं की आपण एकदाही थांबलो नाही आणि मघाशी झपाझप पुढे गेलेले दोघं दगडावर धापा टाकत बसलेत.

सह्याद्रीतली आपली चाल याच्या नेमकी उलट असते: वीस मिनिटं जोरात चढायचं, मग सॅक टाकून पंधरा मिनिटं गप्पा. इथे ते चालत नाही. दर तासाला पाच मिनिटं, शक्यतो उभ्यानं, ट्रेकिंग पोलवर (हातातल्या काठीवर) रेलून. मोठा थांबा घ्यायचाच असेल तर बसण्याआधी डाउन जॅकेट अंगावर चढवा, थंडी वाजायला लागल्यावर नव्हे.

ग्रुपचा वेग सगळ्यात हळू माणसाचा. त्याला पुढून दुसरा ठेवा, गाईडच्या लगेच मागे. शेपटाला ठेवलं तर तो पोचेपर्यंत इतरांचा थांबा संपलेला असतो आणि त्याला विश्रांती अशी कधी मिळतच नाही. सगळ्यात शेवटी अनुभवी माणूस हवा आणि त्याच्या मागे कोणीही नको, फोटो काढणारा सुद्धा नाही.

पाणी दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट. दिवसभरात तीन ते चार लिटर जायला हवं, त्यातलं एक लिटर ओआरएस घातलेलं. वाटेत ओढ्याचं पाणी मिळतं, पण वर कुरणात मेंढ्या चरत असतात, म्हणून क्लोरीनच्या गोळ्या टाकूनच प्या. खायला एकदम डबा उघडण्यापेक्षा खिशात सुटं ठेवा: गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याची वडी, खजूर, लिमलेटच्या गोळ्या. चॉकलेट गारठून दगड होतं आणि उंचीवर ते बघूनही कित्येकांना मळमळतं. चिक्की दाताला चिकटते, तेवढी एक तक्रार सोडली तर लोणावळ्याहून आणलेल्या पाकिटाला इथे तोड नाही.

सूर्य वर आला की गॉगल डोळ्यांवर, तो संध्याकाळपर्यंत काढायचा नाही. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या किरणांनी डोळे भाजतात, आणि ते कळतं काही तासांनी, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागल्यावर. सनस्क्रीन हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडांना आणि कानांमागेही लावा. ऊन खालूनही येतं.

खिंड

माथा आला असं दोन-तीनदा वाटेल आणि प्रत्येक वेळी पुढे आणखी एक चढ दिसेल. गाईडला ‘अजून किती’ विचारू नका, तो ‘बस, आधा घंटा’ म्हणेल आणि ते खरं नसेल. त्यापेक्षा घड्याळ बघा. साडेदहा-अकरापर्यंत वर पोचायचं. बारापर्यंत खिंड गाठली नसेल आणि ढग उतरत असतील तर मागे फिरायचं, हे आदल्या रात्री ठरलेलं असू द्या. वर गेल्यावर, माथा समोर दिसत असताना, असले निर्णय कोणाकडून होत नाहीत.

हवा साफ असेल तर ६,२२१ मीटरचं इंद्रासन आणि ६,००१ मीटरचा देव तिब्बा दिसतो. मागे वळलं की हिरवा कुल्लू, पुढे राखी-तपकिरी लाहौल. दोन खोऱ्यांमधला हा फरक एका जागी उभं राहून दिसतो आणि म्हणूनच मला ही खिंड तिच्याहून उंच कित्येक जागांपेक्षा जास्त आवडते. फोटो काढा, खा, पण अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबू नका. वाऱ्यात बसून अंग गारठतं आणि कठीण भाग तर पुढेच आहे.

उतार

उतरण्याआधी बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधा. चढताना घोट्याजवळ जरा सैल चालतात, उतरताना मात्र पाऊल पुढे सरकता कामा नये, म्हणून घोट्याशी घट्ट. पोल दहा-पंधरा सेंटीमीटरनं लांब करा.

जून आणि जुलैच्या सुरुवातीला या बाजूला बर्फाचा तीव्र उतार असतो. टाच रोवत, गुडघे किंचित वाकवून, वजन पावलावर ठेवून उतरायचं. घाबरून डोंगराकडे मागे रेललात की पाय सटकलाच म्हणून समजा. मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे काटे) असतील तर खिंडीतच चढवा, अर्ध्या उतारावर बसून नव्हे. घसरगुंडी करत जायचा मोह सगळ्यांना होतो. गाईडनं खालचा भाग बघून, बर्फ संपतो तिथे धोंडे नाहीत याची खात्री केली असेल, तरच. आणि तेव्हा स्पाइक्स काढून ठेवा. पायात स्पाइक्स असताना घसरलं तर ते बर्फात अडकून घोटा मुरगळतो.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बर्फाच्या जागी घसारा आणि सुटे धोंडे असतात. इथे सह्याद्रीची सवय कामी येते. लहान पावलं, संपूर्ण तळवा टेकवून, आणि एकाच्या डोक्यावर दुसरा येणार नाही अशी तिरकी रांग. दगड सुटला तर लाजू नका, जोरात ओरडा.

सप्टेंबर कोरडा आणि सुंदर असतो, पण त्याच्यावर फार विसंबू नका. २०१८ च्या सप्टेंबरअखेर लाहौलमध्ये अवेळी बर्फ पडला आणि शेकडो पर्यटक आणि ट्रेकर अडकून पडले. राखीव दिवस आणि एक वेळचं जास्तीचं खाणं कोणत्याही महिन्यात हवंच.

कोणाला त्रास झाला तर

साधी डोकेदुखी, पाणी पिऊन आणि एका पॅरासिटामॉलनं तासाभरात उतरली, तर हळूहळू पुढे जाता येतं. उतरली नाही, किंवा सोबत उलट्या सुरू झाल्या, तर आणखी उंची गाठायची नाही. एवढ्यावर चर्चा नको.

दोन प्रकार जिवावर बेततात. एकात फुप्फुसात पाणी भरतं: बसल्या जागी धाप लागते, कोरडा खोकला सुटतो, ओठ निळसर पडतात, पुढे फेसाळ गुलाबी थुंकी. दुसऱ्यात मेंदूला सूज येते: तोल जातो, बोलणं अडखळतं, माणूस विचित्र वागतो, चिडतो, झोपू द्या म्हणतो. त्याला झोपू देऊ नका. दोन्हींवर उपाय एकच, ताबडतोब खाली, आणि सकाळची वाट न बघता. ऑक्सिजनचा सिलेंडर असेल तर तो लावा, पण त्याच्या भरवशावर वर थांबू नका. निम्मं काम पाचशे-हजार मीटर उतरल्यानं होतं. माणूस खिंडीच्या अलीकडे असेल तर चिका-जोब्राकडे न्या, पलीकडे असेल तर छत्रूकडे.

डायमॉक्स या गोळीबद्दल दरवेळी विचारणा होते. त्रास होऊ नये म्हणून मोठ्यांना साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, चढायला लागण्याच्या आदल्या दिवसापासून. पण ती घरच्या डॉक्टरांना विचारूनच, आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर आधी ते सांगूनच. बोटांना मुंग्या येतील, लघवी वाढेल, ते चालतं. गोळी घेतली म्हणून वेग वाढवायची मुभा मिळत नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचंही तसंच. गार बोटावर तो काहीही आकडे दाखवतो, आणि ८२ की ८५ यावर तंबूत वाद घालण्यापेक्षा समोरचा माणूस कसा दिसतोय ते बघावं.

शिया गोरू आणि पुढची सकाळ

दोन-तीनच्या सुमारास मुक्कामी पोचलात तर वेळापत्रक बरोबर बसलं. ओले मोजे लगेच काढा, पाय पुसून कोरडे घाला, बूट तंबूच्या आत घ्या. गरम सूप, जेवण आणि मग झोप. शिया गोरू बालू का घेऱ्यापेक्षा उंच आहे हे थकव्यात विसरायला होतं. खिंड झाली म्हणजे उंची संपली नाही, आणि त्रास बहुतेकदा वर पोचल्यानंतर काही तासांनी, रात्री डोकं वर काढतो. तंबूत एकटा झोपणारा कोणी असेल तर त्याला आज दुसऱ्या कोणासोबत झोपवा.

छत्रूकडे निघाल्यावर मुक्कामापासून जवळच ओढा ओलांडावा लागतो. पाणी बर्फाचं, गुडघ्याला लागणारं, आणि दिवस वर येतो तसं वाढत जाणारं. म्हणून सकाळी लवकरच. बूट काढून गळ्यात अडकवा, पण अनवाणी उतरू नका, मागे पट्टा असलेले सँडल घाला. सॅकचा कंबरपट्टा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवा, म्हणजे पडलात तर सॅक झटकता येईल. एकमेकांचे हात मनगटाशी धरून, प्रवाहाच्या वरच्या बाजूला तोंड करून, आडवं सरकत जायचं. पलीकडे गेल्यावर पायांना दोन मिनिटं काही जाणवत नाही. चोळा, पुसा, मोजे चढवा.

छत्रूला पोचल्यावर बहुतेक जण गाडीनं चंद्रतालला जातात आणि तिथे राहतात. ते ठिकाणही ४,२०० मीटरच्या वर आहे. ज्याचं डोकं शिया गोरूला रात्रभर दुखत होतं त्यानं तिथे मुक्काम करू नये. तळं बघून त्याच दिवशी खाली यावं, नाहीतर छत्रूहून ग्राम्फूमार्गे सरळ मनाली गाठावी.